साइटवर लिहिलेले आठवडे उलटून गेले, व्हिसा आला नाही, आता काय करायचं?

बडोद्यातल्या मांजलपूरहून एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. मुलीची कॅनडाला पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमाला अ‍ॅडमिशन झाली, सप्टेंबरचा इन्टेक. एजंटने फाइल टाकली तेव्हा सरकारी साइटवर जेवढे आठवडे दिसत होते त्याच्यावर आणखी तीन आठवडे गेले, स्टेटस जागचं हलत नाही. एजंट म्हणतो आत ओळख आहे, अजून वीस हजार दिले तर फाइल पुढे सरकवतो. तिकीट काढून ठेवायचं का, तक्रार कुठे करायची, की फाइल मागे घेऊन परत टाकायची? आणि शेवटी एक ओळ, मोठ्या जाऊबाईंच्या भावाने अमेरिकेतून २००८ साली त्यांची फाइल टाकलीये ती अजून पडूनच आहे, त्याचं काय समजायचं?

ताई, सरळ उत्तर आधी देतो कारण बाकीचं वाचेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागलेला असणार. एजंटला एक रुपया जास्त देऊ नका. फाइल मागे घेऊ नका. पैसे परत न मिळणारं तिकीट अजिबात काढू नका. आणि आज संध्याकाळच्या आत एजंटकडून फाइल सबमिट झाल्याची पावती आणि एओआर लेटर (फाइल मिळाल्याची सरकारी पोच), दोन्हीची पीडीएफ मागून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अर्धा कापलेला स्क्रीनशॉट चालणार नाही.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. मी बडोद्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, दांडिया बाजार, कारेलीबाग, मांजलपूर, सगळीकडची घरं बघितलीत, आणि "फाइल अडकलीये" म्हणून जे लोक येतात त्यातल्या पुष्कळ जणांची फाइल अडकलेली नसतेच, ती मुळात उशिरा गेलेली असते. घरचे लोक डॉक्युमेंट दिले त्या दिवसापासून आठवडे मोजतात आणि तिकडे फाइल एजंटच्या टेबलावरच असते, कधी एसओपी (तिथे का शिकायला जायचंय त्याचं निवेदन) लिहायचं राहिलंय म्हणून, कधी प्रॉव्हिन्सचं पीएएल लेटर (त्या प्रांताच्या कोट्यात जागा धरल्याचं पत्र) यायचंय म्हणून, कधी नुसती सीझनची गर्दी म्हणून. सरकारचं घड्याळ तुम्ही एजंटला चेक दिलात त्या दिवशी सुरू होत नाही. पूर्ण अ‍ॅप्लिकेशन त्यांच्याकडे पोचलं की ते सुरू होतं आणि निर्णय झाला की थांबतं. बायोमेट्रिक द्यायला तुम्हाला जो वेळ लागला तो त्या आठवड्यांत धरलेला नसतो, आणि व्हिसा मंजूर झाल्यावर पासपोर्ट अहमदाबादच्या सेंटरला जमा करून स्टॅम्प होऊन परत यायला जे दिवस जातात तेही नाही. बायोमेट्रिकचं लेटर आल्यावर ३० दिवसांची मुदत असते, लोक ती मुदत म्हणजे सवलत समजतात, घरात लग्न आहे, गाडी मोकळी नाहीये, पुढच्या आठवड्यात जाऊ असं करत करत तीन आठवडे घालवतात आणि मग कॅनडा सरकारने उशीर केला म्हणतात.

तर ते एओआर लेटर उघडलं की काय बघायचं ते सांगतो. वर तारीख असते. मुलीचं नाव, यूसीआय नंबर (खात्याने तिला दिलेला ओळख क्रमांक) आणि अ‍ॅप्लिकेशन नंबर असतो. स्टडी परमिटचा नंबर एस या अक्षराने सुरू होतो, व्हिजिटरचा व्ही ने, वर्क परमिटचा डब्ल्यू ने. आधी अक्षर बघा, मग तारीख बघा, आणि त्या तारखेपासून मोजा. मग कळेल तीन आठवडे खरंच जास्त झालेत की एकच झालाय की अजून मुदतीतच आहात. तेच नंबर घेऊन कॅनडाच्या स्टेटस ट्रॅकरवर मुलीच्या स्वतःच्या ईमेलने अकाउंट उघडा. फॉर्मवर ईमेल कुणाचा टाकलाय तेही विचारा, कारण एजंट सर्रास ऑफिसचा ईमेल टाकतात आणि सरकारकडून आणखी एखादा कागद मागितला तर ते पत्र तिथेच न वाचलेल्या मेलमध्ये पडून राहतं, उत्तर द्यायची मुदत संपते आणि घरी कळतं थेट रिफ्यूजल आल्यावर. हे मी एवढ्या वेळा बघितलंय की नवीन माणूस आला की पहिला प्रश्न माझा हाच असतो, ईमेल कुणाचा आहे.

आता त्या आठवड्यांच्या आकड्याबद्दल. तो आकडा तुम्हाला दिलेलं वचन नाहीये. बहुतेक प्रकारच्या फाइलींसाठी कॅनडा सरकार काय करतं, की मागच्या काही काळात ज्या फाइली निकाली निघाल्या त्यातल्या ८० टक्के किती दिवसांत झाल्या ते बघतं आणि तो आकडा छापतं, टेम्पररी व्हिसासाठी साधारण दर आठवड्याला बदलतं. म्हणजे ज्या दिवशी आकडा एकदम बरोबर असतो त्या दिवशीसुद्धा १० पैकी २ फाइली त्याच्या पुढे गेलेल्या असतातच, आणि त्या दोघांनी काही गुन्हा केलेला नसतो. कुणाच्या फंडचा सोर्स तपासायला वेळ गेला, कुणाच्या शिक्षणात गॅप होता, कुणाचं सिक्युरिटी चेक दुसऱ्या खात्याकडे गेलं. दुसरं, हा आकडा संपलेल्या फाइलींवर मोजलेला असतो, ज्या अजून टेबलावर आहेत त्या त्याच्यात नाहीतच. त्यामुळे मे-जूनमध्ये सप्टेंबर इन्टेकची फाइलींची लाट येते तेव्हा साइटवर आकडा छान छोटा दिसत असतो कारण तो मार्च-एप्रिलच्या निवांत दिवसांचा असतो, आणि तुमची फाइल मात्र लाटेत असते. तुमची मुलगी नेमकी त्याच लाटेत आहे, म्हणून तीन आठवडे पुढे गेले याचा अर्थ नकार येणार असा काढू नका. होकार येणार असाही काढू नका. उशिरावरून निकालाचा अंदाज बांधता येत नाही, जे बांधून देतात ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतात.

आणखी एक गोष्ट बडोद्यात लोकांच्या डोक्यात पक्की बसलीये ती काढायला हवी. "माझ्या भाच्याचं तर वीस दिवसांत झालं होतं." झालं असेल. तेव्हा एसडीएस नावाची वेगळी लाइन होती, जीआयसी (राहण्याखाण्याचे पैसे कॅनडाच्या बँकेत आधी ठेवणं) भरलेलं, पहिल्या वर्षाची फी भरलेली, आयएल्ट्स चांगलं, अशा मुलांच्या बहुतेक फाइली २० दिवसांत काढायचा तिथे प्रयत्न असायचा. ८ नोव्हेंबर २०२४ ला ती लाइन बंद झाली. आता सगळे एकाच रांगेत आहेत. त्याआधी २२ जानेवारी २०२४ पासून स्टडी परमिटच्या संख्येवर कॅप, म्हणजे मर्यादा, आला आणि पीएएलची अट आली, त्याने फाइल टाकायच्या आधीचाच वेळ वाढला. फंडाचा आकडाही बदलत गेला, २०२४ च्या सुरुवातीपासून एकट्या विद्यार्थ्याला राहण्याखाण्याचे २०,६३५ डॉलर दाखवायचे होते, १ सप्टेंबर २०२५ पासून टाकलेल्या फाइलींना २२,८९५. म्हणजे भाच्याची फाइल आणि तुमच्या मुलीची फाइल यांच्यात देश सोडून काहीच सारखं राहिलेलं नाहीये.

आणि कधीकधी वेळ वाढतो त्याचा तुमच्या फाइलीशी कणभर संबंध नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत-कॅनडाचं बिनसलं तेव्हा कॅनडाचे ४१ डिप्लोमॅट इथून परत गेले आणि त्यांच्या इमिग्रेशन खात्याची भारतातली माणसं २७ वरून ५ वर आली. खात्याने तेव्हाच सांगितलं होतं की वेळ वाढेल. पण त्याच वेळी हेही सांगितलं होतं की भारतातून येणाऱ्या फाइलींपैकी ८९ टक्के फाइलींचं काम आधीपासूनच भारताबाहेर होत होतं. हे नीट वाचा ताई, कारण तुमच्या एजंटच्या "आत ओळख आहे"चं उत्तर याच्यातच आहे. तुमच्या मुलीची फाइल एखाद्या कपाटात, कुणाच्या टेबलावर गठ्ठ्यात खाली दबलेली नाहीये की कुणी शिपायाने उचलून वर ठेवावी. ती सिस्टिममध्ये आहे, जगातल्या कुठल्याही ऑफिसातला ऑफिसर ती उघडू शकतो, आणि तो कोण ते तुम्हाला, मला, एजंटला कुणालाच माहीत नसतं. कॅनडाच्या स्टडी परमिटला पैसे भरून लवकर करायची सोयच नाहीये. जिथे अशी सोय असते तिथे ती उघड असते, ब्रिटनच्या प्रायॉरिटीला ५०० पौंड, पाच कामकाजाचे दिवस, सुपर प्रायॉरिटीला १,००० पौंड, साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि ते पैसे सरकारी साइटवरून किंवा त्यांच्या सेंटरमधून भरले जातात आणि पावती मिळते. त्यातही निर्णय लवकर मिळतो, होकार विकत मिळत नाही. म्हणून एजंटला शांतपणे एवढंच विचारा, ही फी सरकारच्या कुठल्या पानावर लिहिलीये ते दाखव. दाखवता आलं नाही तर विषय संपला. आणि जमल्यास हेही बघा की फाइलवर रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून कुणाचं नाव आहे. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन फाइल हाताळायचा हक्क तिथला वकील किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन या कन्सल्टंटवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंद असलेला कन्सल्टंट यांनाच आहे (क्युबेकच्या नोटरींनाही), आणि ती नोंद त्यांच्या साइटवर कुणालाही शोधता येते. फॉर्मवर कुणाचंच नाव नसेल आणि सगळं जणू मुलीनेच भरलं असं दाखवलं असेल तर उद्या चूक निघाली की जबाबदारी मुलीची.

फाइल मागे घेऊन परत टाकायचं म्हणाल तर परत १५० डॉलर फी, परत रांगेच्या शेवटी. बायोमेट्रिक १० वर्षं चालतं म्हणून तेवढा एक खर्च वाचेल, बाकी नुकसानच. आणि पहिली चालू असताना दुसरी टाकणं तर त्याहून वाईट, दोन्ही फाइलींत एखादी तारीख वेगळी पडली तर ऑफिसरला प्रश्न पडतो आणि तो प्रश्न दूर करायला तुम्ही तिथे नसता.

तक्रार अशी करायची नसते, विचारणा करायची असते. लेटरवरच्या तारखेपासून मोजून मुदत खरंच उलटली असेल तर खात्याच्या वेब फॉर्मवरून एकदा लिहा. चार ओळी पुरतात, नंबर, सबमिट केल्याची तारीख, बायोमेट्रिकची तारीख, कॉलेजचा शेवटचा रिपोर्टिंग दिवस, आणि कॉलेजच्या पत्राची कॉपी. दर दोन दिवसांनी तेच लिहू नका, प्रत्येक मेसेज फाइलला जोडला जातो आणि कुणालातरी वाचावा लागतो. तुमचं कुणी नातेवाईक तिथले सिटिझन किंवा पीआर असतील तर दोन गोष्टी होऊ शकतात. त्यांच्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसातून स्टेटसची चौकशी होते, तिथे हे रोजचं काम आहे, ओळखपाळख लागत नाही. आणि ५ डॉलर भरून, मुलीच्या सहीचं संमतीपत्र जोडून ते जीसीएमएस नोट्स मागवू शकतात, त्याच्यात ऑफिसरने काय लिहिलंय, कुठला चेक बाकी आहे ते दिसतं. कायद्याने ३० दिवसांत द्यायला हव्यात पण उशीर होतो, म्हणून आत्ता मागवाल तर निकाल आधी येईल असंही होऊ शकतं. कोर्टात जाऊन निर्णय द्यायला लावायची सोय तिथे आहे, पण ती वर्ष-दोन वर्षं रखडलेल्या फाइलींसाठी, तीन आठवड्यांसाठी कुणी वकील तसं सुचवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

खरं काम आत्ता कॉलेजशी आहे. अ‍ॅडमिशनच्या पत्रावर वर्ग कधी सुरू आणि उशिरात उशिरा कधीपर्यंत हजर व्हायचं ते लिहिलेलं असतं, ती दुसरी तारीख शोधा. सापडली नाही तर मुलीने स्वतः, एजंटने नाही, कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल करावा की व्हिसा पेंडिंग आहे, उशिरा आलं तर कधीपर्यंत चालेल, जानेवारीला ढकलायचं असेल तर कधीपर्यंत सांगायचं, भरलेली फी पुढच्या टर्मला लागू होईल का, आणि नकार आला तर किती कापून परत मिळेल. पीएएल लेटरवर एक्सपायरी असते ती वाचा आणि इन्टेक बदलला तर नवीन लागेल का ते त्याच मेलमध्ये लिहून विचारा, फोनवर नको, लेखी उत्तर पाहिजे. जानेवारी नक्की केलात तर नवीन अ‍ॅडमिशन लेटर वेब फॉर्मवरून फाइलला लगेच जोडा, नाहीतर ऑफिसर फाइल उघडेल तेव्हा त्याला उलटून गेलेली तारीख दिसेल आणि तेवढ्यावरून नकार येऊ शकतो.

एक इन्टेक गेला म्हणून मुलीचं काही बिघडत नाही, हे मी मनापासून सांगतोय. घाईघाईत घेतलेले निर्णय बिघडवतात, सहा महिने बिघडवत नाहीत. नोकरी सोडून बसलेली मुलं, तिकडे घराचं डिपॉझिट भरून बसलेली मुलं, एज्युकेशन लोनचा पहिला हप्ता उचलून व्याज चालू झालेली घरं, यांचे हाल होतात, आणि हे सगळं व्हिसा हातात पडल्यावर करायच्या गोष्टी आहेत. फी आणि जीआयसी आधी भरावं लागतं ते ठीक, त्याच्या पुढचं काही नाही.

आता ज्यांची फाइल अजून जायचीये त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण वेळ वाचवायची जागा तिथेच आहे, सरकारकडे गेल्यावर तुमच्या हातात फार काही राहत नाही. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांना एक त्रास हमखास होतो आणि तो नावाचा. जन्माचा दाखला महानगरपालिकेचा, त्याच्यात वडिलांच्या नावाला "भाई" आणि आईच्या नावाला "बेन" लावलेलं. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं नाव परत भाई लावून. पासपोर्टवर भाई-बेन काही नाही, आणि वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये घुसलेलं, कधी नाही. आडनाव मराठीतून गुजरातीत आणि तिथून इंग्रजीत गेलेलं, त्यामुळे गायकवाडांच्या एकाच घरात बापाच्या आडनावात ए-ई आणि मुलाच्या आडनावात ए-आय, पवारांमध्ये कुणाला व्ही कुणाला डब्ल्यू. आपल्याला हे दिसतसुद्धा नाही इतकं सवयीचं झालंय, पण ओटावात किंवा शेफील्डमध्ये बसलेल्या ऑफिसरला ती दोन वेगळी माणसं दिसतात. आईचं तर त्याहून अवघड, लग्नात नाव बदललेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मुलीच्या जन्मदाखल्यावर सासरचं, आणि लग्नाची नोंदणी तीस वर्षांपूर्वी कुणी केलेली नसते. आई-वडील स्पॉन्सर म्हणून फंड दाखवणार असतील तर हे नातं कागदावर जुळायलाच हवं. जन्मदाखल्यात दुरुस्ती करता येते, त्याला वेळ लागतो, म्हणून ते अ‍ॅडमिशनच्या आधी सुरू करा. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर एक अ‍ॅफिडेव्हिट करा आणि सोबत एका पानाचं साधं पत्र लावा की गुजरातमध्ये नावाला भाई-बेन लावायची पद्धत आहे, या या कागदांवरची व्यक्ती एकच आहे, आणि खाली कुठल्या कागदावर काय नाव आहे ते ओळीने लिहा. हे एक पान मी प्रत्येक फाइलला लावतो, मागितलेलं नसलं तरी.

पोलीस क्लिअरन्सही तसंच. पासपोर्टवर पत्ता जुना, रावपुऱ्यातल्या वाड्याचा, आणि राहता वाघोडिया रोडच्या फ्लॅटमध्ये, मग व्हेरिफिकेशन दोन पोलीस स्टेशनांमध्ये फिरत बसतं. पत्ता बदललाय हे माहीत असेल तर पासपोर्ट आधी रिइश्यू करा. ब्रिटनला जाणाऱ्यांनी फंड सलग २८ दिवस खात्यात ठेवायचे असतात आणि स्टेटमेंट फाइल टाकायच्या दिवशी ३१ दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. मधे एक दिवस जरी रक्कम खाली गेली, कुणी सोसायटीचा मेंटेनन्स भरला त्याच खात्यातून, तरी मोजणी पहिल्यापासून. म्हणून त्या पैशाचं खातंच वेगळं करा आणि त्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा.

प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं चालतं हेही लक्षात ठेवा. ब्रिटनचे तीन आठवडे साधारण बायोमेट्रिक अपॉइंटमेंटपासून मोजतात. शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) मात्र कायद्यात मुदत आहे, १५ दिवस, अवघड केसमध्ये ४५ पर्यंत, आणि फाइल प्रवासाच्या ६ महिने आधीपासून टाकता येते, तरी लोक १५ दिवस राहिले की धावतात आणि मग अपॉइंटमेंटच मिळत नाही. ऑस्ट्रेलिया एक आकडा न देता निम्म्या फाइली किती दिवसांत आणि ९० टक्के किती दिवसांत असं दोन्ही दाखवतं, तिथे नेहमी मोठा आकडा धरून चाला. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला तर फाइलचा वेळ हा प्रश्नच नसतो, मुंबईला इंटरव्ह्यूची तारीख मिळायलाच वेळ जातो. मुलीच्या बाळंतपणाला जायचं असेल तर डॉक्टरने तारीख दिली त्याच आठवड्यात फॉर्म भरायला बसा, सातव्या महिन्याच्या ओटीभरणानंतर नाही.

आता जाऊबाईंची फाइल. ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, इथे कुणी ऑफिसर हळू काम करतोय असं नाहीये. अमेरिकन सिटिझनने भावा-बहिणीसाठी टाकलेली फाइल एफ-फोर गटात जाते. त्या गटाला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा कायद्याने ठरलेत, त्यात नवरा-बायको-मुलं सगळी मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाही. आपल्याकडून मागणारे किती आहेत ते चरोतरपासून बडोद्यापर्यंत कुणालाही विचारा. म्हणून रांग आहे, आणि ती बघायची जागा म्हणजे दर महिन्याला निघणारं व्हिसा बुलेटिन. २०२५ च्या शेवटी भारताच्या एफ-फोरची तारीख २००६ मधली होती, म्हणजे त्या तारखेच्या आधी टाकलेल्या फाइलींचाच नंबर आला होता. जाऊबाईंची २००८, म्हणजे फाइल हरवलेली नाही, जिवंत आहे, नंबर यायचाय. पण दोनच वर्षं राहिली म्हणून दोन वर्षांत होईल असं गणित करू नका, ती तारीख एका वर्षात काही महिनेच सरकते, कधी तिथेच थांबते, कधी मागेही जाते.

या रांगेत मात्र दोन-तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर अठरा वर्षं पाण्यात जातात. भावाची तब्येत, कारण फाइल टाकणारा वारला तर फाइल आपोआप संपते, काही अपवादात परत उभी करता येते पण त्याला वकील लागतो. पत्ता आणि ईमेल एनव्हीसीकडे (अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे) ताजा असणं, कारण नंबर आल्याचं पत्र आल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर ते फाइल बंद करतात, आणि २००८ साली दिलेला ईमेल आज कुणाच्याच फोनमध्ये उघडत नसतो.

आणि मुलांचं वय. २१ पूर्ण झालं की मूल आई-वडिलांच्या फाइलमधून बाहेर पडतं असं सगळे धरून चालतात, ते पूर्ण खरं नाही. भावाने टाकलेली आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीची मूळ फाइल, मंजूर व्हायला जितके दिवस लागले तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. समजा २००८ ला टाकली आणि २०१२ ला मंजूर झाली, तर चार वर्षं वजा, आणि नंबर येतो तेव्हा मुलगा २४ चा असला तरी २० चा धरला जातो. म्हणजे तेव्हा मंजुरीला लागलेला उशीर आज मुलाच्या कामाला येतो. नंबर आल्यापासून एका वर्षात पुढची प्रक्रिया सुरू करावी लागते आणि मूल अविवाहित असावं लागतं, लग्न झालं की ही सगळी वजाबाकी असूनही ते बाहेर. तेव्हा जाऊबाईंना म्हणावं, भावाकडून फाइल पोचल्याची आणि मंजूर झाल्याची अशी दोन्ही आय-७९७ पत्रं स्कॅन करून मागवा, त्यांच्यावरच्या तारखा आणि मुलाची जन्मतारीख एका कागदावर लिहा आणि चांगल्या इमिग्रेशन वकिलाकडून वय मोजून घ्या. मुलासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली असेल तर साखरपुड्याच्या आधी हे झालेलं असू दे.